येणारे ॲक्शन गेम आणि त्यांचा कॅमेरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेलर आला की आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज असतो, "ग्राफिक्स बघ भावा." दुसरा असतो, "आपल्या पीसीवर चालेल का?" कॅमेऱ्याचं नाव कोणी काढत नाही. गेम हातात आला की तक्रारी मात्र निम्म्या कॅमेऱ्याच्याच: गरगरतं, दिसतच नाही, मागून येऊन मारून गेला, कोपऱ्यात अडकलो. चाळीतले, ऑफिसातले, मामेभाऊ-आतेभाऊ असे सगळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलेत.

गेममध्ये कॅमेरा म्हणजे नेमकं काय? तिथे शूटिंग थोडंच चालू असतं?

शूटिंग नसतं, पण गेमचं जग ज्या जागेवरून तुम्हाला दिसतं ती जागा असतेच, आणि ती कोणीतरी विचार करून ठरवलेली असते. डोळ्यांच्या जागी ठेवली की फर्स्ट पर्सन. पाठीमागे, जरा उंचावर ठेवली की थर्ड पर्सन. खांद्याला चिकटवली की ओव्हर द शोल्डर. जीटीए, म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो या गेम-मालिकेचीच वंशावळ बघा. १९९७ चा पहिला गेम थेट आकाशातून दिसायचा. २००१ च्या जीटीए ३ ने कॅमेरा खाली उतरवून हिरोच्या पाठीमागे आणला. जीटीए ५ ची जी आवृत्ती २०१४ मध्ये पीएस ४ आणि एक्सबॉक्स वनवर आली, तिच्यात डोळ्यांतून बघायची सोय झाली. शहर तेच, गाड्या त्याच, पण फर्स्ट पर्सनमध्ये समोरून ट्रक आला की खेळणारा खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकतो.

२०२६ चे कोणते गेम, आणि त्यांचा कॅमेरा कुठे?

सगळ्यात जास्त विचारणा अर्थातच जीटीए ६ ची. तो बनवणाऱ्या रॉकस्टारने आधी २०२५ म्हटलं, मग २६ मे २०२६, आणि नंतर १९ नोव्हेंबर २०२६. पीएस ५ आणि एक्सबॉक्स सिरीज यांच्यासाठीच हा गेम जाहीर झालाय, त्यामुळे "पीसीवर चालेल का" याचं उत्तर तूर्तास मिळून जातं.

इन्सोम्नियॅकचा वुल्व्हरिन २०२१ मध्ये जाहीर झाला आणि २०२६ च्या 'फॉल'मध्ये, म्हणजे आपल्याकडच्या गणपती-दिवाळीच्या हंगामात ठेवलाय. पीएस ५ चा गेम, कॅमेरा पाठीमागे. आयओ इंटरॲक्टिव्हचा जेम्स बाँडवरचा ००७ फर्स्ट लाइट मार्चवरून २७ मे २०२६ वर गेला, तोही थर्ड पर्सन. चिनी स्टुडिओ एस-गेमचा फँटम ब्लेड झिरो ९ सप्टेंबर २०२६ ला जाहीर झालाय. तलवारबाजीचा वेग बघता त्याच्या कॅमेऱ्याची मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे, आणि धास्तीही. गिअर्स ऑफ वॉर: ई-डे खांद्यामागचा कॅमेरा घेऊन येतोय. हेलोचा पहिला भाग नव्याने बांधून हेलो: कॅम्पेन इव्हॉल्व्ह्ड होतोय, तो फर्स्ट पर्सन.

रेसिडेंट ईव्हिल रेक्विएमची (२७ फेब्रुवारी २०२६) गोष्ट वेगळी. त्यात दोन्ही कॅमेरे आहेत. ग्रेस या मुलीच्या वाट्याला मुळात डोळ्यांतला कॅमेरा दिलाय, लिऑनला पाठीमागचा, पण सेटिंगमध्ये जाऊन दोघांचाही बदलता येतो. भीती किती वाटून घ्यायची हे थेट खेळणाऱ्याच्या हातात देणारा असा पर्याय बाकीच्यांनीही द्यायला हरकत नाही.

ट्रेलर बघून कॅमेऱ्याचा अंदाज येतो का?

बहुतेक वेळा येत नाही, आणि तो येऊ नये अशीच ट्रेलरची रचना असते. ट्रेलरमधला कॅमेरा दिग्दर्शकाचा. तो हवा तिथे जातो, हिरोच्या चेहऱ्यासमोर येतो, गाडीच्या चाकाला लागून पळतो. तुमचा कॅमेरा असं काहीही करणार नाही. तो कंट्रोलरच्या स्टिकवरच्या तुमच्या उजव्या अंगठ्याला बांधलेला असेल.

मे २०२५ मध्ये जीटीए ६ चा दुसरा ट्रेलर आला. रॉकस्टारने सांगितलं की तो पीएस ५ वर टिपलाय, त्यात निम्मा गेमप्ले (प्रत्यक्ष खेळ) आहे आणि निम्मे कटसीन (मध्ये येणारी, नुसती बघायची दृश्यं). त्यावर आमच्याकडे दोन दिवस वाद चालला की यातला गेमप्ले कुठला. कोपऱ्यात नकाशा नाही, गोळ्यांचा आकडा नाही, निशाणाचा ठिपका नाही. तो ट्रेलर बघून शहर कसं दिसेल ते कळलं. ते शहर हातात कसं लागेल याचा त्यात पत्ता नाही.

त्यामुळे ट्रेलर सोडा, सलग गेमप्ले शोधा. ००७ फर्स्ट लाइटचा असा अर्ध्या तासाहून मोठा तुकडा सप्टेंबर २०२५ मध्ये सोनीच्या स्टेट ऑफ प्लेमध्ये दाखवला होता. अशा व्हिडिओत हिरोकडे बघू नका, कडांकडे बघा. स्क्रीनवर नकाशा-गोळ्या दिसताहेत का? कॅमेरा छोटे छोटे हिसके देत वळतोय का? तसा वळत असेल तर तो माणसाच्या अंगठ्याने वळतोय. लोण्यासारखा सरकत असेल तर दाखवणाऱ्याने तालीम केलीये. हिरो अरुंद जागेत शिरला की व्हिडिओ कापलाय का, हेही बघा. तिथेच कापला असेल तर मी सावध होतो.

कॅमेरा भिंतीत का घुसतो? एवढे पैसे खर्चून हे जमत नाही का?

जमवणं खरंच कठीण आहे. थर्ड पर्सन कॅमेरा हिरोच्या पाठीमागे एका अदृश्य काठीच्या टोकाला बसवलेला असतो. गेम दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्राला, हिरोपासून कॅमेऱ्यापर्यंत एक रेघ मारून बघतो की मध्ये काही येतंय का. भिंत आली तर काठी आखूड करतो, कॅमेरा हिरोच्या मानेजवळ येतो. भिंत संपली की काठी परत लांब होते. हे एकदम केलं तर चित्र धाडकन उडी मारतं, सावकाश केलं तर कॅमेरा क्षणभर भिंतीच्या आत राहतो आणि तुम्हाला पोकळ बिल्डिंगचं पोट दिसतं. खांब, कुंड्या, झाडाच्या फांद्या यांच्यासाठी काठी आखूड करायची की त्यांना पारदर्शक करायचं, हे एकेका वस्तूसाठी ठरवावं लागतं. आणि पाठ कोपऱ्याला टेकवून उभ्या असलेल्या हिरोसाठी कुठलंच उत्तर चांगलं नाही. २००४ चा निंजा गायडेन त्याच्या लढाईसाठी डोक्यावर घेतला गेला आणि कॅमेऱ्यासाठी शिव्या खात राहिला, त्या मुख्यतः कोपऱ्यांतल्याच.

म्हणूनच थर्ड पर्सन गेममधली घरं प्रमाणाबाहेर मोठी असतात. एखाद्या गेममध्ये गरिबाच्या झोपडीत शिरा आणि छत बघा. आपल्या वन बीएचकेच्या दीडपट उंच असतं. दारं एवढी रुंद की कपाट आडवं आत जाईल. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. समजा दहा बाय सोळा. कॅमेरा हिरोच्या मागे तीन मीटर, म्हणजे जवळजवळ दहा फूट. हिरो खोलीच्या मधोमध उभा राहून आडवा वळला तर कॅमेरा शेजाऱ्यांच्या खोलीत. वर माळा, खाली कॉट, मध्ये वाळत घातलेले कपडे. खरी चाळ जशीच्या तशी गेममध्ये घातली तर ती फर्स्ट पर्सनमध्येच खेळावी लागेल.

मग मुंबईवर गेम होऊच शकत नाही?

झालाय की. २०१८ च्या हिटमॅन २ मध्ये एक आख्खी मोहीम मुंबईत आहे: झोपडपट्टी, रेल्वे यार्ड, धोबीघाटासारखी कपडे धुण्याची जागा, अर्धवट बांधलेला टॉवर आणि प्रचंड गर्दी. तो करणारा स्टुडिओ आयओ इंटरॲक्टिव्ह, म्हणजे आता बाँड करतोय तोच. त्या मोहिमेतल्या गल्ल्या खऱ्या गल्ल्यांपेक्षा ऐसपैस आहेत, दोन माणसं न धक्का लागता एकमेकांना ओलांडतात. ते मुंबईत कुठे घडतं ते मला दाखवा. पण गर्दीत कॅमेरा थोडा उंच ठेवून डोक्यांवरून बघू देणं हे त्यांना छान जमलं होतं. बाँड पार्टीत शिरेल तेव्हा हेच कौशल्य कामी येईल असा माझा होरा आहे.

इथल्याच गेमइऑन स्टुडिओने 'मुंबई गल्लीज' हा ओपन वर्ल्ड गेम २०२० मध्ये जाहीर केला. नावातच गल्ल्या आहेत, त्यामुळे कॅमेऱ्याचं गणित त्यांनाही चुकलेलं नाही.

लॉक-ऑन वापरावं की नाही? मित्र म्हणतो ते नवशिक्यांसाठी असतं.

मित्राला सांगा, १९९८ मध्ये झेल्डाच्या ऑकारिना ऑफ टाइमने ते आणलं तेव्हापासून थ्रीडी तलवारबाजी त्याच्यावरच उभी आहे. बटण दाबलं की कॅमेरा एका शत्रूवर खिळतो आणि तुमचं पुढे-मागे चालणं त्याच्या संदर्भाने होतं. उजवा अंगठा मोकळा होतो, म्हणजे वार करायची बटणं दाबायला मिळतो. हा खरा फायदा. कंट्रोलरवर कॅमेऱ्याची स्टिक आणि चार बटणं एकाच अंगठ्याच्या वाट्याला आलीत. दोन्ही एका वेळी होत नाही.

तोटाही तिथेच आहे. एकावर खिळलात की बाकीचे तिघे स्क्रीनबाहेर. म्हणून एकास एक लढतीत लॉक लावा, घोळक्यात काढा. घोस्ट ऑफ त्सुशिमा जुलै २०२० मध्ये आला तेव्हा त्यात लॉक-ऑन नव्हतंच. बनवणाऱ्यांना घोळक्यातली लढाई मोकळी हवी होती. लोकांनी एवढी कुरकुर केली की २०२१ मध्ये, डायरेक्टर्स कटच्या वेळी, अपडेटने पर्याय दिला. मला स्वतःला तो गेम लॉकशिवायच आवडला, पण पर्याय असणं केव्हाही बरं.

फँटम ब्लेड झिरोमध्ये याच गोष्टीकडे लक्ष ठेवा. इतक्या वेगात शत्रू हिरोच्या डोक्यावरून उडी मारून मागे गेला तर लॉक लागलेला कॅमेरा त्याच्यामागे गर्रकन फिरणार. तो फिरण्याचा वेग किती ठेवलाय, यावर सगळं अवलंबून आहे.

कॅमेरा हिरोच्या इतक्या जवळ का आणतात हल्ली? मागचं काही दिसत नाही.

जवळ आणला की घाव अंगावर घेतल्यासारखा वाटतो. २००५ चा गॉड ऑफ वॉर लांबून, ठरलेल्या जागेवरून दिसायचा आणि उजवी स्टिक चक्क वार चुकवण्यासाठी होती. २०१८ च्या गॉड ऑफ वॉरने कॅमेरा हिरो क्रेटोसच्या खांद्याशी आणला आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही कट न मारता कथा सांगितली. किंमत अशी की लढाईत पाठीमागचं दिसेना. मग त्यांनी क्रेटोसभोवती बाण दिले, मागून कोणी येतोय हे दाखवणारे, आणि मुलगा अट्रेयस ओरडून सांगतो ते वेगळंच. इन्सोम्नियॅकने २०१८ च्या स्पायडर-मॅनमध्ये डोक्याभोवती चमकणाऱ्या रेषांनी तेच काम केलं.

वुल्व्हरिनमध्ये कॅमेरा जवळ राहणार हे दिसतंय. त्याच्याकडे कोळ्याची सहावी संवेदना नाही, पण वास घेणारं नाक आहे. धोका दाखवायला इन्सोम्नियॅक त्याचा उपयोग करेल का, हे बघायला मजा येईल.

दोन स्टिकची पद्धत कुणी काढली?

डाव्याने चालायचं, उजव्याने बघायचं, हे आज श्वास घेण्याइतकं सवयीचं झालंय, पण सुरुवातीला लोकांना ते अजिबात रुचलं नव्हतं. सोनीचा ड्युअलशॉक १९९७ चा. दोन्ही स्टिकशिवाय खेळताच येणार नाही असा पहिला गेम एप एस्केप, १९९९. २००० मध्ये प्लेस्टेशनवर एलियन रेसरेक्शन आजच्यासारखीच मांडणी घेऊन आला, तर समीक्षकांनी त्यालाच नावं ठेवली. पुढच्याच वर्षी हेलो आला आणि तीच पद्धत जगाची झाली.

इन्व्हर्ट म्हणजे काय? भाऊ स्टिक खाली ओढतो आणि वर बघतो!

भावाचं डोकं ठिकाणावर आहे. काही जणांच्या मनात स्टिक म्हणजे डोक्याचा मागचा भाग: मागे ओढला की नजर वर जाते. विमानाचा दांडाही असाच चालतो, त्यामुळे जुन्या फ्लाइट गेमवर वाढलेल्यांना हीच सवय. पहिल्या हेलोत सुरुवातीलाच तुम्हाला वर बघायला सांगत आणि त्यावरून सेटिंग ठरवत. किती साधी आणि हुशार युक्ती! एकाच कन्सोलवर दोघं खेळत असाल तर वेगवेगळे प्रोफाइल करा, नाहीतर रोज भांडण.

मला खेळताना मळमळतं. हा आजार आहे का?

आजार नाही. घाटात गाडी लागते ना, त्याचीच उलटी बाजू. कसारा घाटात तुम्ही मोबाईलमध्ये बघत बसलात तर कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण वळतोय, डोळे सांगतात की आपण स्थिर आहोत. गेममध्ये डोळे म्हणतात पळतोय, कान म्हणतो अरे सोफ्यावर बसलाय. मेंदूला दोघांचं जमवता येत नाही आणि पोट ढवळतं.

सगळ्यात मोठा गुन्हेगार फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका वेळी किती अंशांचं जग दिसतं ते. कन्सोलचे बरेच गेम ते ६०-७० च्या आसपास ठेवतात, कारण टीव्ही लांब असतो. हिशेब करून बघा: बत्तीस इंची टीव्ही साधारण ७१ सेंटीमीटर रुंद. दोन मीटरवरून तो तुमच्या नजरेचे जेमतेम वीस अंश व्यापतो. चोवीस इंची मॉनिटर साठ सेंटीमीटरवर ठेवला तर तोच आकडा अठ्ठेचाळीसच्या आसपास जातो. आता टीव्हीसाठी ठरवलेलं अरुंद दृश्य नाकासमोरच्या मॉनिटरवर बघितलं तर त्रास होणारच. आणि आपल्याकडे टेबल, पलंग आणि कपाट यांच्यामधल्या फटीत खुर्ची बसवलेली असते, त्यामुळे मागे सरकायची सोय नाही.

उपाय या क्रमाने करा. फील्ड ऑफ व्ह्यूची पट्टी असेल तर वाढवत ९० पर्यंत न्या. मोशन ब्लर, म्हणजे वळताना चित्र पुसट करणं, बंद. कॅमेरा शेक शून्यावर. चालताना डोकं वरखाली होण्याचा पर्याय, ज्याला हेड बॉब म्हणतात, तोही बंद. स्क्रीनच्या मधोमध ठिपका दाखवायची सोय असेल तर चालू ठेवा, नजरेला धरायला काहीतरी मिळतं. थर्ड पर्सनमध्ये हे काम हिरोची पाठ करते, म्हणून फर्स्ट पर्सनचा त्रास होणाऱ्या बऱ्याच जणांना तो कॅमेरा सोसतो. मळमळ सुरू झाली की तिथेच थांबा. दम धरून खेळत राहिलं की सवय होते असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. पोट बिघडतं ते रात्री जेवणापर्यंत.

गिअर्सचा ई-डे घेणार असाल तर एक आठवण देतो. २००६ च्या पहिल्या गिअर्सपासून वाकून पळताना कॅमेरा जमिनीलगत जातो आणि युद्धवार्ताहर मागे धावत असल्यासारखा हलतो. दिसायला झकास, पोटाला जड.

मला काहीच होत नाही, पण शेजारी बसून बघणाऱ्या आईला गरगरतं. असं कसं?

कारण कॅमेरा तुमच्या हातात आहे. आपण आता वळणार हे तुमच्या मेंदूला आधीच ठाऊक असतं, आईच्या मेंदूला नसतं. घाटात ड्रायव्हरला गाडी लागत नाही, मागच्या सीटवरच्यांना लागते. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे स्टिक ढकलल्यावर कॅमेरा फिरण्याचा वेग, उतरवा, उगाच गरागरा कॅमेरा फिरवायची सवय सोडा. आणि मालिकेची वेळ झाली की टीव्ही तसाही तिचाच असतो.

सेन्सिटिव्हिटी किती ठेवू?

कोणाचा तरी 'प्रो सेन्सि' कोड शोधत बसू नका. मोकळ्या जागेत हिरोला उभा करा, स्टिक पूर्ण ढकलून अर्धी प्रदक्षिणा घ्या. मागचा शत्रू दिसायला तुम्हाला ताटकळत थांबावं लागलं तर वाढवा. लांबच्या खिडकीवर नजर थांबवताना ती दरवेळी ओलांडून पुढे जात असेल तर कमी करा. निशाणा लावतानाची सेन्सिटिव्हिटी वेगळी देता येते, ती नेहमी कमीच असावी.

बीजीएमआयमध्ये जायरो (फोन कलवून निशाणा लावणं) भारी चालतो. कन्सोलवर तसं का नाही?

मुंबईतल्या पोरांचा कॅमेऱ्याशी पहिला परिचय टीव्हीवर झालेलाच नाही, तो मोबाईलवर झालाय. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी बंद झाला, जुलै २०२१ मध्ये त्याचीच भारतीय आवृत्ती बीजीएमआय आला, आणि या सगळ्या पिढीला फ्री लुकचा डोळा (न वळता आजूबाजूला बघायचं बटण), टीपीपीत (थर्ड पर्सनमध्ये) भिंतीआडून डोकावणं, चार बोटांचा क्लॉ (चार बोटांनी फोन खेळायची पकड) हे कंट्रोलरच्या आधी शिकायला मिळालं. टीपीपीमधलं ते डोकावणं म्हणजे कॅमेऱ्याची चोरीच आहे. भिंतीमागे तुम्ही दिसत नाही, पण पाठीमागच्या कॅमेऱ्याला समोरचा सगळा रस्ता दिसतो. म्हणून खुन्नस असेल तर एफपीपी (फर्स्ट पर्सन) खेळा.

जायरोसाठी लागणारा सेन्सर पीएस ५ च्या ड्युअलसेन्समध्येही आहे. निन्टेन्डोने २०१५ च्या स्प्लॅटूनपासून तो छान वापरलाय. मोठ्या ॲक्शन गेमवाल्यांनी मात्र त्याच्याकडे काणाडोळा केलाय, आणि मला हे कोडं सुटलेलं नाही. मोठं वळण स्टिकने घ्यावं, शेवटचा इंचभर निशाणा मनगटाने. एकदा हात बसला की परत फिरावंसं वाटत नाही. नवीन गेमच्या सेटिंगचे स्क्रीनशॉट आले की मी 'मोशन' हा शब्द आधी शोधतो.

लोकलमध्ये खेळणाऱ्यांसाठी: जायरो 'स्कोप ऑन'वर ठेवा, 'ऑलवेज ऑन'वर नको. सांधे बदलताना गाडीने हिसका दिला की निशाणा थेट आभाळात जातो. घामाने बोटं चिकटत असतील तर बोटांत घालायच्या जाळीच्या टोप्या स्टेशनबाहेर मिळतात, मे महिन्यात त्यांना पर्याय नाही. विरार फास्टमध्ये फोन खिशातून काढायलाच जागा नसते, त्यामुळे तिथे प्रश्नच मिटला.

स्टिक सोडली तरी कॅमेरा आपोआप सरकतो. गेमचा दोष आहे का?

कंट्रोलर ड्रिफ्ट मारतोय. स्टिकच्या आत कार्बनच्या पट्टीवर एक बारीक पत्री घासत फिरते आणि ती कुठे आहे यावरून दिशा कळते. पट्टी झिजली, धूळ बसली की स्टिक मधोमध असूनही सिग्नल कलतो. आधी सेटिंगमध्ये डेडझोन थोडा वाढवून बघा, म्हणजे तेवढी हालचाल गेम धरणारच नाही. त्याने भागलं नाही तर मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड. तिथला कारागीर कंट्रोलर उघडतो, चौदा टाके एकेक करून वितळवतो, जुना ॲनालॉग, म्हणजे स्टिकचा आतला भाग, उपसून नवा बसवतो आणि स्क्रीनवर गोल फिरवून दाखवतो. ते दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. एका दुकानाने माझा उजवा सोडून डावा ॲनालॉग बदलून दिला होता, वर म्हणे "दोन्ही चेक केलंय साहेब". हॉल इफेक्टचा ॲनालॉग मिळत असेल तर तो घ्या. त्यात घासणारं काही नसतं, चुंबकावर चालतो.

टीव्हीवर कॅमेरा जड वाटतो, मॉनिटरवर हलका. का?

टीव्ही चित्र सुंदर करण्यात वेळ घालवतो. मेनूत जाऊन गेम मोड चालू करा, निम्मी तक्रार तिथेच संपते. उरलेली फ्रेमची. सेकंदाला तीस फ्रेम असतील तर प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंद थांबतं, साठला १७. कन्सोलमध्ये क्वालिटी आणि परफॉर्मन्स असे दोन पर्याय दिसले तर ॲक्शन गेमसाठी डोळे झाकून परफॉर्मन्स निवडा, त्यात फ्रेम जास्त मिळतात.

जुन्यासारखा ठरलेल्या जागेचा कॅमेरा आता संपला का?

नाही संपला, आणि संपू नये. १९९६ च्या रेसिडेंट ईव्हिलमध्ये कॅमेरा कोपऱ्यात टांगलेला असायचा, पलीकडून नुसता पाय ओढल्याचा आवाज यायचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी (२०२०) हाही असाच. कॅमेरा तुम्ही फिरवायचाच नाही, तो स्वतः मागे सरकून राजस्थानी किल्ला दाखवतो. छोट्या टीमला हे परवडतं, कारण जी बाजू दिसणारच नाही ती रंगवावी लागत नाही. कधीमधी उडीचा अंदाज चुकतो खरा, पण त्या किल्ल्याच्या चौकटी अजून डोळ्यांपुढे आहेत.

मग प्री-ऑर्डर करू का?

माझं मत विचाराल तर नको. डिजिटल गेमचा साठा संपत नाही, मग रांग कसली लावायची? पहिल्या दिवशी कोणाचा तरी न कापलेला व्हिडिओ बघा, शक्यतो एखादी अरुंद जागा आणि एक घोळक्यातली लढाई. पीसीवर स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. तेवढ्या वेळात पोट ढवळतं की नाही ते नक्की कळतं, फक्त सुरुवातीचे कटसीन बघण्यात ते दोन तास घालवू नका. प्लेस्टेशन स्टोअरचा नियम कडक आहे. गेम डाउनलोड करायला सुरुवात केलीत की परतीचा रस्ता जवळजवळ बंद, त्यामुळे तिथे पैसे भरण्याआधी ऑटो-डाउनलोड बंद करून ठेवा. डिस्कवर घेणार असाल तर ज्या दुकानात जुनी डिस्क परत घेतात तिथूनच घ्या, आणि किती दिवसांत किती कापून घेणार ते बिलाच्या मागे लिहून घ्या.